भरल्या गाडीची शर्यत

कळंबला माझ्या घरमालकांच्या बैठकीत पाहुण्याला बसायला जागा नव्हती, कारण तिथे मोटारसायकल बसलेली असे. दिवाण होता तो मागच्या अंगणात गेला होता आणि त्यावर शेळी झोपायची. एक खुर्ची तेवढी शिल्लक होती, तीही मोटारसायकलकडे तोंड करून ठेवलेली. आलेल्या माणसाने त्या खुर्चीत बसायचं, मोटारसायकलकडे बघायचं आणि चहा प्यायचा. मी खोल्या बघायला गेले तेव्हा मलाही तसंच बसवलं. मी विचारलं, "वरच्या मजल्यावर पाणी किती वेळ येतं?" मालक म्हणाले, "पाण्याचं सांगतो. आधी वजन सांगा बरं अंदाजानं."

"कुणाचं?"

"तुमचं मला दिसायलंय. छप्पन्न. हिचं सांगा."

माझं वजन खरोखर छप्पन्न किलो होतं, आणि अनोळखी माणसाने ते असं पोत्यावर खडूने लिहिल्यासारखं सांगावं याचा मला मनापासून राग आला. तरीही मी खोल्या घेतल्या, कारण कॉलेज तिथून दहा मिनिटांवर होतं आणि घरात काकू होत्या. काकू म्हणजे मालकांच्या पत्नी. त्यांच्याकडे बघून वाटलं की या घरात निदान एक माणूस शहाणं आहे. मालकांना मी काका म्हणायला लागले ते नाइलाजाने. गावात सगळेच त्यांना काका म्हणत.

काकांची मार्केट यार्डात आडत होती. तूर, हरभरा, सोयाबीन. तीस वर्षं पोती बघून बघून त्यांना जगात वजनाशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं होतं. नवरदेव कसा आहे विचारलं तर म्हणणार, "बरा हाय, सत्तरच्या आत." मोटारसायकल तर त्यांनी यार्डातल्या ट्रकच्या वजनकाट्यावर चढवून मोजून आणली होती. तीन क्विंटल ऐंशी किलो. काट्याची ती चिठ्ठी लॅमिनेट करून देवघरात, खंडोबाच्या टाकाशेजारी टेकवून ठेवलेली होती. काकू रोज देवांना हळदीकुंकू वाहताना त्या चिठ्ठीला वळसा घालत.

आता ही मोटारसायकल काय प्रकारची होती ते सांगायला हवं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या परदेशी माणसाने दोन बाजूंना दोन पेट्या आणि मागे एक मोठा डबा लावून, पुढे काच, कानाला गाणी, पाठीला उशी अशा थाटात महिनाभर हिंडावं, यासाठी केलेली ती वस्तू. हैदराबादच्या एका डॉक्टरकडून काकांनी ती जुनी घेतली होती. तिला मागे जाण्याचा गिअर होता, कारण माणसाच्या पायाने ती मागे ढकलली जात नाही. आणि तिची गादी गरम होत असे. बटण दाबलं की बसायची जागा तापते. कळंबला. जिथे मे महिन्यात एसटीच्या बाकावर बसायच्या आधी लोक ओला रुमाल टाकतात, तिथे या गृहस्थाने गरम होणारी गादी विकत आणली होती.

बरं, तिच्यावर बसून काश्मीरला जावं, कन्याकुमारीला जावं. ते नाही. माझ्या चार वर्षांच्या मुक्कामात काका त्या मोटारसायकलवर एकही मुक्कामी प्रवासाला गेले नाहीत. ते तिच्यावर शर्यत लावत.

दर रविवारी सकाळी येरमाळ्याजवळ महामार्गावरच्या एका ढाब्यावर असले आठ-दहा जण जमत. लातूरचा एक दंतवैद्य, सोलापूरचे दोन बिल्डर, आणखी कोण कोण. सगळ्यांच्या मोटारसायकली अशाच, सोफ्याला चाकं लावल्यासारख्या. सगळ्यांची पोटं साधारण एका मापाची. अंगात काळं चामडं, तेही आमच्याकडच्या उन्हात. शंभर-शंभर किलोमीटर येऊन ही मंडळी पोहे खात, एकमेकांचे फोटो काढत, आणि मग ढाब्यापासून पुढच्या पुलापर्यंत कोण आधी जातं ते बघत. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, देवीला चाललेली माणसं, शेरडं, आणि त्यातून हे. मी एकदा काकांना सरळ विचारलं, "कुणाला उडवलंत तर?"

"आमी पुढं माणूस उभा करतो, मॅडम. रस्ता मोकळा आसला तरच सोडतो."

"आणि नसला तर?"

"मग परत पोहे खातो."

शर्यतीआधी बाकीचे लोक आपल्या पेट्या, डबे, उशा काढून ढाब्यावर ठेवत. गाडी जितकी हलकी होईल तितकी करत. काका उलट करत. ते घरून निघतानाच दोन्ही पेट्यांत वीस-वीस किलो तूर भरून नेत. त्यांचं म्हणणं असं, की गाडी ओझ्यासाठी केलेली आहे, तर शर्यतही ओझ्यासकट झाली पाहिजे. रिकाम्या गाडीने जिंकणं म्हणजे रिकाम्या पोत्याचा भाव घेणं. अर्थातच ते एकदाही जिंकले नाहीत. दर रविवारी शेवटून पहिले. घरी येऊन हेल्मेट काढायचे आणि काकूंना सांगायचे, "सगळे रिकामे व्हते." काकू म्हणायच्या, "तूर तेवढी उतरवून ठेवा. उंदरं लागत्यात."

शर्यतीत मजा काय आहे ते त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितलं. मी पेपर तपासत असले की हटकून यायचे आणि जिन्यात उभं राहून बोलायचे. "हलकी गाडी पळती, मॅडम. जड गाडी निघती. पळण्यात आन् निघण्यात फरक हाय. ही नुसती उभी आसंल तर दोन माणसाला हलत न्हाय. पण एकदा निघाली की तिला तिचंच वजन पुढं न्हेतंय. तवा तुमी काय करायचं न्हाय. नुसतं धरून बसायचं. ब्रेक मारला तरी लगीच ऐकत न्हाय. इचार करती, मग थांबती." मी लाल पेन खाली न ठेवता म्हणायचे, "काका, याला जडत्व म्हणतात. आठवीला आहे." ते म्हणायचे, "आसंल. पण आठवीच्या पोरांना बसायला कुठं मिळतंय?"

मला एकदा बसायला मिळालं, माझी इच्छा नसताना. बारावीच्या परीक्षेला मला येरमाळ्याच्या केंद्रावर जायचं होतं आणि सकाळची एसटी आलीच नाही. काकूंनीच मला त्या गाडीवर चढवलं. "जावा, डोळे मिटून बसा," एवढा सल्ला दिला. हँडलला पितळेची घुंगरमाळ बांधलेली होती, जुनी, बैलाच्या गळ्यातली. ती वाजत होती. कानात कुठल्या तरी जुन्या लावणीचं संगीत चालू होतं. आणि दोन किलोमीटरवर मला कळलं की काकांच्या हाताने गादीचं बटण दाबलं गेलंय. मार्च महिना. मी ओरडून सांगतेय, काका म्हणतायत, "आता चढ येईल, बघा." परीक्षा केंद्रावर मी दिवसभर उभ्यानेच पर्यवेक्षण केलं. त्या दिवशी माझ्या वर्गात तीन जण कॉपी करताना सापडले. माझ्या मनःस्थितीचाही त्यात वाटा असावा.

चढाचं मात्र खोटं बोलणार नाही. चढाच्या माथ्यावरून खाली उतरताना त्या गाडीचा आवाज एकदम कमी झाला आणि ती आपल्या आपण जायला लागली. कसलाही हादरा नाही. दोन्हीकडे हरभऱ्याची काढलेली रानं, आणि मधून आम्ही, एखादं घर निघाल्यासारखे. काका काही करत नव्हते. नुसते धरून बसले होते. तीसेक सेकंद असतील. मग पुन्हा गादी तापली आणि मी भानावर आले.

घुंगरमाळेचा विषय निघाला की काका वेगळ्या आवाजात बोलत. ती त्यांच्या वडिलांच्या देवणी जातीच्या बैलाची. वडिलांची जोडी म्हणे अशी जड होती की शर्यतीत कधी पहिली आली नाही, पण एका पावसाळ्यात गावाखालच्या ओढ्यात भरलेली गाडी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली, गावातल्या सहा जोड्या लावून झाल्या, हलली नाही. वडिलांच्या जोडीने ती एका ओढीत बाहेर काढली. तेव्हापासून पोळ्याचा मान त्यांच्या घराला मिळाला. पोळ्याच्या संध्याकाळी गावच्या वेशीला तोरण बांधतात. त्याखालून सगळ्यात आधी ज्याची जोडी जाते तो मानकरी. त्याच्यामागून गावची बैलं. वडिलांच्या माघारी तो मान काकांकडे आला. ओढा, बैल आणि वडील या तिन्ही गोष्टी मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकल्या की स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करून दाखवत असे. हशा पिकायचा. माझी ती ठेवणीतली वस्तू होती.

अडचण एवढीच होती की काकांकडे आता बैल नव्हते. वडील गेल्यावर जोडी विकली, शेत ट्रॅक्टरने व्हायला लागलं, बिऱ्हाड कळंबला आलं. पोळ्यापुरती ते गावातल्या धाकट्या चुलतभावाची जोडी मागून घेत आणि तिचा कासरा धरून तोरणाखालून जात. अकरा महिने एकोणतीस दिवस चुलतभावाने शेण काढायचं, वैरण टाकायची, आणि तिसाव्या दिवशी संध्याकाळी यांनी इस्त्रीचा सदरा घालून पुढे चालायचं. हे बरीच वर्षं चाललं. मग एके वर्षी चुलतभाऊ कळंबला आला, त्या एकुलत्या खुर्चीत बसला आणि चहा संपल्यावर म्हणाला, "दादा, औंदा जोडी मिळायची न्हाय. बैल माझे आन् मान तुमचा, आसं किती साल?"

मी जिन्यात होते. मनात म्हटलं, बरोबर बोलला.

काकांनी त्याचा कप उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी मोटारसायकलवरची वाकळ काढली आणि म्हणाले, "माझ्यापाशी बी जनावर हाय."

मला वाटलं, गंमत करतायत. काका गंमत करत नव्हते. त्यांनी गावच्या आबांपुढे, म्हणजे पोळ्याची रीतभात ज्यांच्या शब्दाने चालते त्या म्हाताऱ्या गृहस्थांपुढे, रीतसर मागणी मांडली. बापाच्या जोडीला मान मिळाला तो ओझं ओढलं म्हणून. आपली गाडीही ओझ्याची आहे. चुलतभावाने त्याची फटफटी आणावी. दोघांनी ओझं भरून, पोळ्याच्या दिवशी, महामार्गाच्या फाट्यापासून वेशीपर्यंत यावं. जो आधी येईल त्याचा मान, कायमचा. हरेल त्याने पुन्हा नाव काढायचं नाही. चुलतभाऊ हसला आणि कबूल झाला. आबाही कबूल झाले, कारण गावात त्या वर्षी दुसरी काही करमणूक नव्हती.

पंच कोण, यावर गाडं अडलं. भावकीतला नको, गावातला नको, कुणाचा पाहुणा नको. काकांनी माझं नाव सुचवलं. "आमच्या मॅडमनी सोताच्या प्राचार्याच्या पुतण्याला कॉपी करताना धरलंय," असं त्यांनी आबांना सांगितलं. हे खरं होतं आणि त्याबद्दल मी बरंच भोगलंही होतं. मी नाही म्हणणार होते. पण काकू म्हणाल्या, "चला मॅडम. तुमी आसला तर मला रडायला लाज वाटंल."

त्या बाईला त्या मानाचं काय वाटतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासऱ्यांच्या मागून तोरणाखालून गेल्या होत्या, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, लोक आपापल्या बैलांचे खांदे मळत असताना, काकांनी बैठकीत मोटारसायकलच्या हँडलला हळद आणि लोणी लावलं. काकू दारातून बघत होत्या. मला हसू आवरेना म्हणून मी वर निघून गेले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारला मी वेशीत उभी होते. हातात चहाचा कप, डोक्यावर पदर घ्यावा की नाही या विचारात. वेस उंचावर आहे. तिथून सगळं दिसतं. फाट्यापासून डांबरी रस्ता येतो, तो थेट ओढ्यापर्यंत. ओढ्यावरचा पूल मागच्या साली वाहून गेलेला, म्हणून तिथे काळ्या मातीतून वळणरस्ता केलेला, आणि तो चढला की वेस. पाऊस दहा-बारा दिवस नव्हता. आदल्या रविवारी काका येऊन ती माती तुडवून गेले होते. खणखणीत वाळलेली होती. त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता.

तोफ उडवायची जुनी हौस असल्यासारखा फाट्यावर कुणीतरी सुतळीबॉम्ब उडवला. काकांच्या पेट्यांत तूर, मागच्या डब्यात ज्वारी. काकू मागे बसायला तयार झाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या वजनाइतकं सोयाबीनचं पोतं सीटवर बांधलेलं. चुलतभावाच्या फटफटीवर बैलांसाठी आणलेलं सरकीच्या पेंडीचं पोतं. पहिल्या मिनिटातच कळलं की ही शर्यतच नाही. काकांची गाडी निघाली. त्यांचाच शब्द वापरते, कारण दुसरा सापडत नाही. ऊन तिच्या काचेवर पडलं होतं, घुंगरमाळ वेशीपर्यंत ऐकू येत होती आणि चुलतभाऊ मागे इतका लहान दिसत होता की वेशीतली पोरंसोरं काकांच्याच नावाने ओरडायला लागली. काकूंनी माझा दंड धरला. त्यांची नखं मला अजून आठवतात.

मग ती गाडी ओढ्याच्या उतारावर आली, वळणरस्त्यावर उतरली आणि थांबली. पडली नाही, घसरली नाही. स्टँड न लावता उभी राहिली.

पोळ्याच्या सकाळी गावची सगळी बैलं त्याच ओढ्यात, त्याच वळणावर धुतात. पन्नास-साठ जनावरं पाण्यातून ओली वर चढतात, खाली उतरतात, अंग झटकतात. सकाळपासून दुपारपर्यंत त्या उताराचा चिखल होतो. हे गावात दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, कारण ते पोर त्या दिवशी तिथेच खेळत असतं. ज्याच्या दावणीला बैल आहे तो त्या सकाळी ओढ्यावर असतो. काका त्या सकाळी कळंबला गाडी पुसत होते. पोळ्याचा मान मागायला निघालेला माणूस पोळ्याला बैल धुतात एवढंच विसरला होता. मी असली थट्टा रचून सांगितली असती तर कुणी खरी मानली नसती.

चुलतभाऊ मागून सावकाश आला. त्याने वळणरस्ता सोडला, वरच्या अंगाला जिथून बायका दगडांवरून ये-जा करतात तिथून फटफटी ढकलत ओढा ओलांडला, पोतं पुन्हा नीट बसवलं आणि वेशीतून आत आला. मी घड्याळ बघितलं. उगीचच. मग आम्ही सगळे खाली ओढ्याकडे धावलो.

गाडी आसाच्या वर रुतली होती. काका तिच्यावर बसूनच होते, दोन्ही हात हँडलवर. पेट्या काढल्या, तूर चिखलात सांडली, दहा माणसं लागली, गाडी हलली नाही. जडत्व. गावातला ट्रॅक्टर आला, उतारावर त्याचंच मागचं चाक फिरायला लागलं, तेव्हा ड्रायव्हर त्याला उलटा घेऊन गेला. "मी बी रुतंन," म्हणाला. जेसीबी कळंबहून यायचा म्हणजे दीड तास. आणि वरच्या अंगाला, डोंगराकडे, दुपारपासून काळं भरून आलेलं होतं. ओढ्याचं पाणी मघाशी मातकट नव्हतं, आता मातकट झालं. ज्यांना कळतं ते लोक पाण्याकडे बघायला लागले.

"दादा, वर पाऊस पडलाय. पाणी यायलंय," चुलतभाऊ म्हणाला.

काकांनी हँडल सोडलं नाही.

चुलतभाऊ वळला आणि वेशीत जाऊन आपली जोडी घेऊन आला. रंगवलेली शिंगं, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरशांची झूल. त्याने एका बैलाची झूल उतरवून बायकोच्या हातात दिली. "जू आना रे कुणीतरी," म्हणाला. "पाच मिन्टाचं काम हाय." लोक आबांकडे बघायला लागले, कारण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वर्षातला तो एक दिवस त्याचा असतो. आबांनी काठीचं टोक मातीत रोवलं. मग म्हणाले, "अडल्या वक्ताला चालंल. देवाला कळतंय."

माझ्या मते तो अगदी योग्य निर्णय होता. माणसाने वस्तू वाचवावी. मी पुढे होऊन काकांना म्हणालेही, "घ्या ना काका, आबा म्हणतायत."

काका गाडीवरून उतरले. पोटरीपर्यंत चिखलात. चुलतभावाजवळ गेले आणि त्याच्या बायकोच्या हातातली झूल घेऊन पुन्हा बैलाच्या पाठीवर टाकली.

"दादा, गाडी जाईल."

"शर्यत कुणी जिंकली?"

"ते आता कशाला?"

"तू जिंकली. मान तुझा झाला. आन् पैल्याच दिशी मानाच्या बैलावर जू ठेवायलास? बाप वरून बघत आसंल माझा." त्यांनी झुलीचा बंद बांधला. गाठ नीट बसेना, तर पुन्हा बांधली. "गाडी काय, लोखंड हाय."

मग ते परत चिखलात गेले, हँडलची घुंगरमाळ सोडली, ओढ्याच्या पाण्यात विसळली आणि आणून चुलतभावाच्या हातात दिली. "ही बैलाची हाय. म्या उगं हितं बांधली व्हती."

पाणी अर्ध्या तासात आलं. लोंढा नव्हता, नुसतं चढत गेलं. आधी चाकं, मग पेट्यांच्या रिकाम्या जागा, मग गादी. काकांनी चावी काढली नव्हती की काय कोण जाणे, पण तिचे पिवळे दिवे लुकलुकत होते आणि पाण्याखालीही काही वेळ लुकलुकत राहिले. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. रडले ती मी, आणि मला त्याचा इतका संताप आला की मी पाठ फिरवून वेशीकडे चालायला लागले.

वेशीत आबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, पैलं कोन आलं?" मी वर्गात निकाल वाचतात त्या आवाजात चुलतभावाचं नाव सांगितलं. लोकांत थोडी कुजबुज झाली. काकांनी लांबून मान हलवली, बरोबर आहे म्हणून. जोडी तोरणाखालून गेली, घुंगरमाळ वाजत. सगळ्यात शेवटी, सगळी बैलं आत गेल्यावर, हातात बूट घेतलेले काका आणि त्यांच्यामागे काकू.

दुसऱ्या दिवशी जेसीबीने मोटारसायकल काढली. ती पुन्हा चालू झाली नाही. सोलापूरहून मेकॅनिक आला, त्याने इंजिनातून गाळ काढला, कपाळाला हात लावला आणि परत गेला. रविवारची मंडळी सांत्वनाला आली, त्या एका खुर्चीत आळीपाळीने बसली, सुटे भाग विकून टाका म्हणाली. काकांनी त्यांना पोहे खायला घातले आणि वाटेला लावलं. गाडी पुन्हा बैठकीत आली, वाकळ पांघरून. पण त्याआधी काकांनी ती टेम्पोत घालून यार्डात नेली होती. देवघरात दुसरी चिठ्ठी लागली. तीन क्विंटल नव्वद.

"गाळ काढून मोजायची ना," मी म्हटलं.

"त्यो वड्याचा हाय, मॅडम. त्यो धरायचा."

पुढच्या पोळ्याला ते भल्या सकाळी एसटीने गावी गेले आणि चुलतभावाच्या बैलांना ओढ्यात नारळाच्या काथ्याने घासून आले. संध्याकाळी वेशीत थांबले नाहीत, जेवणाला घरी परत. काकूंना म्हणाले, "चिखल मेंदीसारका बसलाय नखात."

माझी बदली लातूरला झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. असल्या मोटारसायकली आणि त्यांच्यावरची काळ्या चामड्यातली पोटं रस्त्यात दिसली की माझं तोंड आजही वाकडं होतं. माणसाने पैसे, पेट्रोल आणि जीव कशासाठी उधळावा याचा मी कधी विचार केलाच तर उत्तर सापडत नाही, आणि मला ते शोधायचंही नाही. पण परवा स्टाफरूममध्ये जुन्या कॉलेजचा एक सहकारी भेटायला आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "ते तुमचे तूरवाले मालक, मॅडम. ती नक्कल करून दाखवा ना. काय येडा माणूस होता." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप खाली ठेवला आणि त्याला म्हणाले की त्या माणसाला वेडा म्हणायचा अधिकार फक्त मला आहे. का, तर त्या दिवशी पंच मी होते.